मांड कोण सारवतं, ते आधी लिहा

प्रश्न असा आला आहे: "मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गावात धालो आहेत, शिगमो आहे, शेजारच्या वाड्यावर कुंभार आहेत, वर डोंगरात धनगरांची घरं आहेत. जाणत्या बायका एकेक करून जात आहेत. हे सगळं नोंदवून ठेवायचं मनात आहे. सुरुवात कुठून करू? कुठली यंत्रं घेऊ? मराठीत लिहू की कोकणीत? आणि लोक रागावणार नाहीत ना?"

सुरुवात गाण्यापासून करू नका, कामापासून करा. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही बरीचशी यातूनच निघतात, म्हणून हे आधी सांगितलं.

गाणं सगळेच रेकॉर्ड करतात. शिगमो म्हणजे आपली होळी; त्याच्या मिरवणुकीत रोमटाच्या ढोलताशांची, घोडेमोडणीच्या नाचाची शेकड्यांनी चित्रणं होतात. फुगडी आणि धालो हे बायकांचे नाच रंगमंचावर येतात, दहा मिनिटांत बसवले जातात, टाळ्या मिळतात. त्यात गैर काही नाही. पण मंचावर जाताना गाण्याच्या मागचं सगळं गावातच राहतं. रात्र राहते, मांड, म्हणजे जिथे हे खेळतात ती गावची मानाची जागा, राहतो, पहिला मान कोणाचा ते राहतं, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातली कोण कुठल्या कामाला गेली ते राहतं. हे कोणी गाऊन दाखवत नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारायला माणूस उरला नाही की संपलं.

माझा अनुभव सांगतो. धालो पौषातल्या रात्रींचे. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात, पुढे येऊन वाकायचं आणि पुन्हा मागे सरायचं. मांडावर पुरुषानं पाय ठेवायचा नाही. म्हणून सत्तरीतल्या एका गावात माझी बहीण टेपरेकॉर्डर घेऊन आत बसायची आणि मी रस्त्याच्या कडेला, माडाखाली, तिची वाट बघत. पहिल्या वर्षी चाळीसेक गाणी मिळाली. ती लिहून काढली, वही शिवली आणि गावात जाऊन वाचून दाखवली. एक आजी शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "गाणीं बरयलीं तें बरें केलें. पूण मांड कोणें सारयलो तें खंय?" म्हणजे, गाणी लिहिलीत ते बरं केलंत, पण मांड कोणी सारवला ते कुठे आहे?

दुसऱ्या वर्षी आम्ही दिवस मावळायच्या आत पोचलो. मांड सारवायचा मान एका ठरावीक घराचा. ते घर आता गावात राहत नाही, सून त्या एका संध्याकाळसाठी म्हापशाहून बस बदलत येते. गुरं गावात दोनच घरी उरलेली, म्हणून शेण शेजाऱ्याकडून मागून आणलेलं. साडी खोचून ती उकिडवी बसली आणि मांडाच्या एका कोपऱ्यापासून हात फिरवायला लागली. अर्धवर्तुळ, त्याला चिकटून दुसरं अर्धवर्तुळ, माशाच्या खवल्यांसारखी. हात फिरत होता तशी ती पुटपुटत होती. बहिणीनं जवळ जाऊन ऐकलं तर ते चार ओळींचं गाणं होतं, आणि ते आमच्या चाळिसांत नव्हतं. ते मांडावर म्हणतच नाहीत, सारवतानाच म्हणतात. तिच्यानंतर ते म्हणणारी कोणी नव्हती.

त्या दिवसापासून मी कुठल्याही गावात गेलो की पहिला प्रश्न कामाचा विचारतो.

तुमच्याकडे कुंभार आहेत, म्हणजे घुमट, ते मडक्याचं वाद्य, तुमच्या दारातच आहे. २०१९ साली राज्य सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांत ते घरोघर वाजतं, ख्रिस्ती घरांत मांडो या गीताच्या साथीलाही वाजतं. वाजवणाऱ्यांचं चित्रण पुष्कळ आहे. तुम्ही कुंभाराकडे बसा. दोन्ही बाजूंनी उघडं मडकं तो कसं ओढतो, ज्या तोंडावर चामडं ताणायचं त्याची कड किती जाड ठेवतो, डाव्या तळहातानं झाकायचं ते लहान तोंड कोणाच्या हाताच्या मापानं घेतो, माती कुठल्या शेतातली, त्या शेताच्या मालकाला त्याबद्दल काय द्यायचं, भट्टीतून किती फुटकी निघतात, फुटक्याचं काय करतात. मग चामडं ताणणाऱ्याकडे जा. मग आरती म्हणणाऱ्याकडे. आरतीचे शब्द मराठी, म्हणणारा घरात कोकणी बोलणारा, मडकं कुंभाराचं, चामडं आणखी तिसऱ्याच घरचं. एका वाद्याच्या मागोमाग गेलात तर अर्धा गाव फिरून होतो.

इथेच लोकांच्या रागाची गोष्टही येते. घुमटाला पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं चामडं लावतात. म्हातारे वादक तुम्हाला दोन्ही आवाजांतला फरक अगदी प्रेमानं सांगतील, कोणी आजोबांच्या वेळचं जुनं घुमट माळ्यावरून काढून दाखवेल. तो फरक जरूर लिहा. पण त्या माणसाचं नाव, घर आणि त्या घुमटाचा फोटो एकत्र कुठेही टाकू नका. तुमच्या हौसेपायी त्याच्या दारात चौकशी येता कामा नये. भट्टीच्या परवान्याचं तसंच, शिकारीच्या गोष्टींचं तसंच. जमिनीचं तर त्याहून जपून. कूळ (दुसऱ्याचं शेत कसणारा) आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचे खटले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. कोण कुठल्या भाटात, म्हणजे बागायतीत, किती वर्षं राबला हे तुम्ही सहज लिहून जाता, आणि तोच कागद कोणीतरी कोणाविरुद्ध वापरतो.

याची दुसरी बाजूही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांत वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून धरतात. काणकोण-केपे-सांगे भागातल्या वेळीप-गावडे या आदिवासींकडे, त्यांचे वाडवडील कुठल्या डोंगरावर कुमेरी (फिरती शेती) करत, कुठल्या झऱ्याचं पाणी पीत, देवाची राई कुठे, हे जर कोणी वेळेवर नीट लिहून घेतलं असेल, तर त्या कागदाचं मोल गाण्याच्या पुस्तकाहून मोठं आहे. तेव्हा लिहिण्यापूर्वी एकच गोष्ट त्या माणसाला विचारा: हे बाहेर गेलं तर तुमचं बरं होईल की वाईट? तो विचार करून सांगतो. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

परवानगी म्हणजे फॉर्मवरची सही नव्हे. मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांच्याच भाषेत विचारतो, उत्तर त्याच ध्वनिमुद्रणात राहतं. काम झालं की पुन्हा ऐकवतो आणि "ह्यातलें कितें काडूं?" असं विचारतो. जे काढ म्हणतील ते काढतो, मग ते कितीही मोलाचं असो. आणि कोणाचा दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी देतो. रेंदेर माडावरून उतरून तुमच्याशी बोलत बसला, तर त्याची सूर, म्हणजे माडी, काढायची वेळ जाते. हे पैसे द्यायला संकोच करू नका.

समाजांची नावं लिहिताना ते स्वतःला काय म्हणवतात ते विचारा. सरकारी यादीत एक असतं, शेजारी दुसरं म्हणतात, त्यांना तिसरं हवं असतं. गोव्यात काही घराण्यांच्या आज्या-पणज्यांना देवळाच्या सेवेच्या नावाखाली फार सोसावं लागलं. त्यांच्या गळ्यातून आपलं संगीत पुढे आलं. त्यांच्या नातवंडांना ते जुनं नाव नको असेल तर ते नकोच. अभ्यासाच्या नावाखालीही नको.

आता भाषेचं. तुम्ही शिक्षिका आहात, शुद्धलेखनाची सवय हातात आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. तुमची टिपणं, वर्णनं मराठीत लिहा, तुमचा हात त्यात चालतो. पण गाणं आणि बोलणं तोंडात जसं आहे तसंच. आपल्याकडच्या धालोत, शिगम्यातल्या नमनांत, सत्तरीच्या रणमाले या लोकनाट्यातल्या जतींत (गाण्यांत) मराठी आणि कोकणी अशा विणलेल्या असतात की एक धागा ओढला तर दुसरा तुटतो. गाणारीनं कधी विचार केलेला नसतो की हा शब्द कुठल्या भाषेतला.

मी ही चूक केली आहे. बाई "मांडार" म्हणाली, मी वहीत "मांडावर" लिहिलं. तिनं "सारयलो" म्हटलं, मी "सारवला" केलं. वाटलं, वाचणाऱ्याला सोपं जाईल. पुढे त्याच वहीवरून शाळेतल्या मुलींनी ते गाणं बसवलं, तेव्हा पाय चुकायला लागले. "मांडार" दोन पावलांत बसतं, "मांडावर" बसत नाही. वाकायची जागाच सरकली. आजी उठून म्हणाली, "तुमी म्हणटात तें आमचें न्हय." ती वही मी पुन्हा पहिल्यापासून लिहिली, पण तोवर सात-आठ गाण्यांचे मूळ शब्द आठवणारं कोणी राहिलं नव्हतं. ती सात-आठ गाणी आता माझ्या शुद्ध मराठीतच उरली आहेत, म्हणजे उरली नाहीत.

देवनागरीत अनुस्वार, ळ, ण सगळं आहे. ऐकू येईल तसं लिहा. आणि गाणारी ख्रिस्ती असेल, घरात रोमी लिपी वाचत असतील, तर त्यांना द्यायची प्रत रोमीत करून द्या. शिवोलीच्या जागरासारख्या रात्रभराच्या लोकनाट्याच्या ठिकाणी, जिथे हिंदू आणि ख्रिस्ती मिळून मांड करतात, दोन्ही लिप्यांत प्रत दिली की दोन्ही घरांत ती वाचली जाते.

यंत्रांचं थोडक्यात. चांगला फोन पुरतो. विमान-मोडवर टाका, वेव्ह फाईल करणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. घुमटाचा आवाज जवळून फाटतो, म्हणून आठ-दहा हात दूर बसा. बोलणाऱ्याच्या मात्र अगदी जवळ, वीतभर अंतरावर. वाऱ्यासाठी जाड सुती कापड. पंखा बंद करायला सांगा. पैसे उरले तर ते यंत्रांवर न घालता गावात येण्याजाण्यावर खर्च करा.

यंत्रापेक्षा फाईलचं नाव महत्त्वाचं, हे मी फार महागात शिकलो. नव्वदच्या दशकात शिगम्याच्या अकरा कॅसेट मी एका संस्थेकडे विश्वासानं सोपवल्या. तिथे लोखंडी कपाट होतं, कुलूप होतं, म्हणून बरं वाटलं. काही वर्षांनी मागायला गेलो तर कपाट पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीला टेकवलेलं. फितींवर पांढरी बुरशी. चार कशाबशा वाचल्या. वाचलेल्यांवर माझ्याच अक्षरांत लिहिलेलं: "लोकगीते, ३". गाव नाही, तारीख नाही, गाणाऱ्याचं नाव नाही. त्यातला एक आवाज इतका सुरेख आहे की तो कोणाचा हे शोधत मी पाच गावं फिरलो. सापडला नाही. त्याच्या घरच्यांना तो आवाज कधी ऐकायला मिळणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून त्याच रात्री, झोपण्यापूर्वी: तारीख, गाव, वाडा, कोण, काय करताना. तीन प्रती, त्यातली एक तुमच्या घराबाहेर, शक्य तर तालुक्याबाहेर. जून ते सप्टेंबर हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा आणि पावसाळा संपला की सगळं एकदा उघडून तपासा. पहिली प्रत मात्र त्या घराची. पेन ड्राइव्ह असो, नातवाच्या फोनवर पाठवलेली असो. विद्यापीठ, पुराभिलेख खातं, पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय यांच्याकडे जरूर द्या, पण नंतर.

कामापासून सुरू करा म्हणताना ज्या कामात गाणं नाहीच, तेही धरा. खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीत, मी वर्षभर गाणी शोधत होतो, काही मिळालं नाही. मग मानसवर, म्हणजे बांधातल्या पाणदारावर, बसणाऱ्या एका काकांना विचारलं, अमावस्येच्या भरतीला रात्री बांधावर कोण जातं? ते सहा तास बोलले. मानसची लाकडी दारं भरतीच्या पाण्यानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतात. दार मिटताना लाकूड लाकडावर जसं बसतं त्या आवाजावरून त्यांना झोपेतही कळायचं की फट राहिली आहे. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं तर पायाला गार लागतं ती जागा त्यांनी मला अनवाणी चालवून दाखवली. आत कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात, पोंय या डबक्यातली मासळी, बांध फुटला तर कोणी किती माणसं द्यायची याचे गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेचे, नियम. त्या सहा तासांत एकही गाणं नव्हतं, आणि माझ्याकडच्या सगळ्या संग्रहात ते सहा तास मला सर्वांत मोलाचे वाटतात.

मिठागरांचंही तसंच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानं गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं, ते १८९२ पर्यंत राहिलं. हा इतिहास कागदावर सापडतो. पण वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून इतका घट्ट करायचा की मीठ ओढताना चिखल वर येऊ नये, आणि तो पुरेसा झाला हे टाचेला कसं कळतं, ते फक्त मिठागरी माणसाकडेच आहे. काजूच्या भट्टीवर बसा: कोळंबीत (बोंडं तुडवायच्या कुंडात) बोंडं तुडवणारा, नीरो (रस) कुठे संपतो ते सांगणारा, भाणाखालचा (रस उकळायच्या भांड्याखालचा) जाळ सांभाळणारा, लावणीवर (धार झेलणाऱ्या भांड्यावर) पाणी ओतत उर्राक (पहिली धार) कधी बदलायचा ते धारेवरून ओळखणारा. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती धार ओळखणाऱ्या डोळ्यांची नोंद अजून व्हायची आहे.

आणि फक्त जुन्यांचीच नोंद करू नका. ट्रॉलरवर आज ओडिशा-झारखंडची मुलं आहेत. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत, बांधकामावर, बाजारात पलीकडच्या राज्यांतून आलेली माणसं आहेत. त्यांच्या पाळ्या, त्यांचं जेवण, रात्री खोलीत ते जे गातात, तेही गोव्याचं श्रमजीवनच. आपण त्यांना विचारत नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी तुमच्यासारखंच म्हणेल की ते कोणी लिहून का ठेवलं नाही.

जुने कागद वाचाल तेव्हा एक लक्षात ठेवा. बंदीचा हुकूमही नोंद असतो. १७३६ च्या एप्रिलात इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, ख्रिस्ती झालेल्यांवर जुन्या चालीरीतींची बंदी घातली. लग्नातल्या ओव्या, विडा-फुलं देणं, अंगणातली तुळस, सगळं एकेक करून त्यात लिहिलं. मिटवायला निघालेल्यांनी यादी करून ठेवली. आपल्याकडे त्या काळच्या लग्नघराचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळतं.

एकदा मे महिन्यात कुर्डीला जा. साळावली धरणात १९८६ च्या सुमाराला गेलेलं सांग्यातलं गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि घरांच्या जोती वर येतात. वाडें-वालकिणीला वसवलेली माणसं त्या दिवसांत परत येतात, सोमेश्वराचा उत्सव होतो, कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त होतं. मी तिथे एका आजोबांबरोबर चाललो. भेगाळलेल्या चिखलावर उभं राहून ते काठीनं दाखवत होते: हें रांदचें कूड (स्वयंपाकघर), हांगा (इथे) वायन, हांगा गोठो. वायन म्हणजे जमिनीत बसवलेलं उखळ. ते अजून जागच्या जागी होतं, आत गाळ भरलेला. त्यांनी वाकून हातानं गाळ काढला, तळाशी हात फिरवला आणि म्हणाले, आवय हांगा कांडताली, आई इथे कांडायची. मग तिची एक ओवी म्हटली. ती मी आधी त्यांच्या नव्या घरात तीनदा मागितली होती. तिन्ही वेळा "याद जायना" म्हणाले होते.

वस्तूला हात लागला की आठवण येते, म्हणूनही काम आधी.

तुम्ही विचारलंत ते वेळेवर विचारलंत, चवथ तीन आठवड्यांवर आहे. पहिली नोंद माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं बांधतात त्या चौकटीची, करा, तीही तुमच्याच घरची. कांगलां, कवंडळं, माट्ट्या, तोरिंगण, ओल्या सुपारीचं शिपटं, जे जे बांधाल त्याच्यापुढे लिहा: कुठल्या रानातून आलं, कोण चढलं, कोणाला ते झाड ठाऊक होतं, बाजारातून आणलं असेल तर कोणाकडून आणि कितीला, आणि गेल्या पाच वर्षांत माटोळीतून काय गळलं. बाजारात विकायला बसलेली बाई बहुधा वरच्या वाड्यावरची असेल. तिच्याकडे रेकॉर्डर काढू नका. दोन वर्षं तिच्याकडूनच घ्या, तिचं नाव विचारा, तुमचं सांगा. धनगरवाड्याची वाट तीच दाखवेल. दिवाळीनंतर मला एकदा ती माटोळीची यादी पाठवा, ज्या झाडांची नावं अडतील ती आपण मिळून शोधू. पौषात मांडावर जाल तेव्हा मात्र दिवस मावळायच्या आत जा.